बासबोटीचं ॲव्हरेज

रविवार, ४ एप्रिल २०२१

यतीन म्हणतो, दोन मोटरींची तुलना करायची तर लॉग ठेव, नाहीतर तुझी वटवट कोण ऐकणार? आकडे एक्सेलमध्ये ठेवतोच आहे. पण आकड्यांच्या आजूबाजूला जे घडतं त्याला एक्सेलमध्ये रकाना नाही, म्हणून ही वही. वर्षभर घरातून काम करून माणूस भिंतींशी बोलायला लागतो. त्यापेक्षा वहीशी बोललेलं बरं.

तर वाद असा. मागच्या ऑगस्टमध्ये, सगळं जग घरी पाव भाजत होतं तेव्हा, मी बासबोट घेतली. लांब, बसकी, सपाट. अमेरिकेतले लोक बास नावाचा मासा पकडायला वापरतात ती. मी पक्का शाकाहारी, मला माशाशी देणंघेणं नाही. मला वेग हवा होता. बोट रूरमोंडच्या बंदरात असते, वेल्डहोव्हनच्या आमच्या घरापासून पाऊण तासावर. तिथल्या तळ्यात एका पट्ट्यात हवं तेवढं सुसाट जायला परवानगी आहे. बोटीच्या मागे टांगलेली मोटर जुनी, टू-स्ट्रोक, दीडशे हॉर्सपॉवरची. यतीन माझ्याच कंपनीत शेजारच्या टीममध्ये आहे आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तो म्हणाला, "हेम्या, ही बया पेट्रोल पिते. नवी फोर-स्ट्रोक घे, एकशेपंधराची. वेग तोच, पेट्रोल निम्मं."

मी म्हटलं, वेग तोच असूच शकत नाही. तो म्हणाला, सिद्ध कर. सिद्ध करायचं म्हणून मी दुसरीही मोटर घेतली. आता दोघी आहेत. जुनीचं नाव थोरली, नवीचं धाकटी.

सुमेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, बोट घेतल्याचं सांगितलं तो प्रसंग इथे लिहून ठेवायलाच हवा. ती भाजी चिरत होती.

"बासबोट घेतली."

"बास?"

"हो, बास."

"नाही रे हेम, मी म्हणतेय, बास!"

अवनी, आमची मुलगी, बारावीच्या वयाची, खुर्चीवरून पडायची राहिली इतकी हसली. तेव्हापासून आमच्या घरात बोटीला बासच म्हणतात. सुमेधा तेवढी म्हणत नाही. तिला विनोद पचायला वेळ लागतो.

मंगळवार, १३ एप्रिल

गुढीपाडवा. बाल्कनीत गुढी उभारली. शेजारच्या डच आजीने खालून विचारलं, तांब्या वाळत घातलाय का? सुमेधाने तिला डचमध्ये पाच मिनिटं समजावून सांगितलं. सुमेधाचं डच झकास आहे. माझ्यामागून डिपेंडंट व्हिसावर आली आणि रिकामा वेळ होता म्हणून शिकली. आता हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात काउंटरवर असते. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे मला कधी गरज पडली नाही.

संध्याकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल. अण्णा, माझे सासरे, एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले. फोनवर आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"जावईबापू, ॲव्हरेज किती देते तुमची होडी?"

"अण्णा, बोटीचं तसं सरळ सांगता येत नाही. वारा, वजन, पाण्याची ओढ..."

"ते मला नका सांगू. लिटरला किती? एसटी असो नाहीतर होडी, लिटरला किती ते सांगा."

साऱ्या सासरवाडीत योग्य प्रश्न विचारणारा हा एकच माणूस. मी म्हटलं, टेस्ट होऊ द्या, पहिला आकडा तुम्हाला. ते खूश झाले. मग खोकले. सुमेधाने लगेच कान टवकारले. "कधीपासून?" अण्णा म्हणाले, उदबत्तीचा धूर गं. तिचं समाधान झालं नाही. दवाखान्यात दिवसभर खोकलेच ऐकते, म्हणून तिला सगळीकडे तेच ऐकू येतं.

रविवार, १८ एप्रिल

थोरलीची पहिली टेस्ट. उत्तम झाली.

अडचण एकच होती. या बोटीच्या पुढच्या सीटवर वजन नसेल तर वेगात ती नाक उडवते. नाक उडालं की आकडे गेले. यतीन बसला असता, पण बाहेर दोघांनी भेटायचं तरी मध्ये दीड मीटर हवं, आणि बोटीत दीड मीटर कुठून आणणार? माणूस एकाच घरातला हवा. अवनीची मे महिन्यात फायनल परीक्षा, ती पुस्तकातून डोकं काढत नाही. उरली सुमेधा. जॅकेट, बूट, लाइफजॅकेट सगळं घालून तिला वजनकाट्यावर उभी केली आणि काय सांगू, जेवढं हवं होतं अगदी तेवढंच. मी यतीनला म्हटलं, "लोक बायकोला लक्ष्मी म्हणतात, माझी बॅलास्ट आहे." बॅलास्ट म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून ठेवतात ते वजन. यतीन धक्क्यावरून मास्कमधून खोखो हसला. सुमेधा पाण्याकडे बघत होती.

तुलना म्हटली की एक नियम पाळावाच लागतो. दोन्ही मोटरींना वजन तेच, जागा तीच, पाणी तेच. म्हणजे थोरली संपून धाकटीची टेस्ट होईपर्यंत दर रविवारी सुमेधाच लागणार. तिला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

आणखी एक गंमत. मोटर सुरू असताना चालवणाऱ्याच्या अंगाला एक लाल दोरी अडकवायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि मोटर बंद होते. तिचं डच नाव मला उच्चारता येत नाही. सुमेधाने अर्थ सांगितला, मेलेल्या माणसाची दोरी. ती मी विसरतो म्हणून दर वेळी तीच माझ्या जॅकेटला अडकवते.

वेग मोजायला दोघांचे फोन वापरले. तिच्या फोनचा जीपीएस माझ्यापेक्षा चांगला निघाला.

बुधवार, २१ एप्रिल

अण्णांना ॲडमिट केलं. ऑक्सिजन लावलाय. प्रतीकचा, म्हणजे सुमेधाच्या भावाचा, सकाळी फोन आला. तेव्हापासून सुमेधा लॅपटॉपवर तिकिटं बघतेय.

मी शांतपणे मुद्दे मांडले. तिथे जाऊन हॉस्पिटलमध्ये आत कुणी सोडणार नाही. स्वतःला लागण झाली तर दुप्पट ताप. आणि अवनीची परीक्षा तोंडावर. टेस्टचा मुद्दा मी शेवटी मांडला, तोही हळूच.

"रविवारी थोरलीची दुसरी फेरी आहे. ती झाली की अठ्ठावीसला जा."

"माझे वडील आहेत ते."

"मी कुठे नाही म्हणतोय? एका आठवड्याचा तर प्रश्न आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. अठ्ठावीसचं तिकीट मीच काढलं, खिडकीजवळची सीट बघून. हे असं समजूतदारपणे बोललं की मार्ग निघतो.

सोमवार, २६ एप्रिल

कालची फेरी अप्रतिम. फक्त मधेच सुमेधाच्या फोनवर दवाखान्यातून कुणाचा तरी कॉल आला आणि जीपीएसचा लॉग तुटला. यापुढे दोन्ही फोन फ्लाइट मोडवर. त्यात जीपीएस चालतो, कॉल येत नाहीत.

आज दुपारी बातमी आली. भारतातून येणारी विमानं इथल्या सरकारने आज संध्याकाळपासून बंद केली. पाठोपाठ सुमेधाचं अठ्ठावीसचं विमान रद्द झाल्याचा मेल आला. मी तिला म्हटलं, "बघ, गेली असतीस तर अडकली असतीस."

"अडकले असते, हेम," ती म्हणाली. "तिथे."

मला वाटतं तिला मुद्दा पटला.

रविवार, २ मे

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण घरात सगळे आपापल्या परीने अर्थ लावून घेतायत.

काल रात्री प्रतीकने कळवलं होतं की आज भारतातल्या तीन वाजता, म्हणजे आपल्या साडेअकराला, त्याला पीपीई घालून दोन मिनिटं आत सोडणार आहेत आणि तो अण्णांना सुमेधाशी बोलायला देईल. सुमेधा म्हणाली, आज मी येत नाही. मी म्हटलं, घरात बसून काळजी करण्यापेक्षा मोकळ्या हवेत ये. नऊला पाण्यात उतरू आणि साडेअकराला धक्क्यावर असू, शब्द देतो. ती आली.

बोटीत बसल्यावर म्हणाली, "माझा फोन चालू राहू दे." मी म्हटलं, फ्लाइट मोडवर नसेल तर मागच्या रविवारसारखं होईल, आणि आपण वेळेत येणारच आहोत. फोन मी दोन्ही मोटरजवळच्या कोरड्या पेटीत ठेवले आणि झाकण लावलं. तिने नेहमीप्रमाणे माझी दोरी अडकवली.

अकरानंतर वारा पडला. असं पाणी मी या तळ्यात कधी बघितलं नव्हतं, ताटात वाढलेल्या कढीसारखं स्तब्ध. असा दिवस पुन्हा मिळत नाही. म्हटलं अजून एकच फेरी. परत वळलो आणि पट्ट्याच्या तोंडाशी आलो तेव्हा सुमेधा सीटवर उलटी फिरली, हात वर केला आणि ओरडली, "बास!"

मोटरच्या आवाजात मला तेवढंच ऐकू आलं. ती पुन्हा ओरडली, "बास! बास! बास!"

खरं सांगतो, मला भरून आलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदा तिला मजा आली होती. पहिल्यांदाच तिने बोटीला नावाने हाक मारली होती. मी ओरडलो, "हो! बास!" आणि थोरलीला पूर्ण सोडली. बोट पाण्यावरून अशी निघाली की खाली पाणी आहे हेच विसरायला झालं. या मोसमातला सगळ्यात मोठा आकडा. यतीनसुद्धा धक्क्यावर दोन्ही हात वर करून उभा होता.

धक्क्याला लागलो तेव्हा बारा वाजायला आले होते. सुमेधाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढच्या सीटवर वारा थेट तोंडावर येतो, तिला गॉगल घ्यायला हवा. तिने पेटी उघडून फोन घेतला आणि फ्लाइट मोड काढला. प्रतीकचे बरेच मिस्ड कॉल होते आणि एक व्हॉइस मेसेज. तो तिने तिथेच, धक्क्यावर उभ्याउभ्या, कानाला न लावता ऐकला. अण्णांचा आवाज, फार दमलेला.

"सुमे... पाण्यावर आहेस का गं?... बरं... जावईबापूंना म्हणावं... ॲव्हरेज... काढलं का?"

मग नुसता श्वास. मग प्रतीक म्हणाला, ताई, फोन का बंद आहे तुझा, आता बाहेर काढतायत मला.

यतीन टोपी काढून दुसरीकडे बघायला लागला. मी सुमेधाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, आपण उद्या पुन्हा लावू फोन.

मंगळवार, ४ मे

अण्णा पहाटे गेले.

मला मनापासून वाईट वाटलं. माणूस शेवटच्या श्वासापर्यंत टेक्निकल होता. मी शब्द दिला होता की पहिला आकडा त्यांना, म्हणून आज दुपारी थोरलीचं पक्कं ॲव्हरेज काढलं आणि प्रतीकला व्हॉट्सॲप केलं. "अण्णांनी विचारलं होतं, म्हणून." सोबत आलेखही पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. धावपळीत असेल.

सुमेधाने काम बंद केलेलं नाही. कुठलाच आवाज करत नाही. अवनी रात्री आईजवळ जाऊन झोपते.

रविवार, ६ जून

मधले रविवार मी सुमेधाला सुट्टी दिली होती. सुतक, तेरावं, अवनीची परीक्षा. कुणाला घाई करायची नाही, असं मी ठरवलंच होतं.

बंदरातल्या मेकॅनिकने क्रेनने थोरली उतरवली आणि धाकटी चढवली. काय रूप आहे! आवाज तर शिलाई मशीनएवढाही नाही. सुमेधाला म्हटलं, चल, वजन करू. ती काट्यावर उभी राहिली आणि माझं डोकंच फिरलं. तेच जॅकेट, तेच बूट, आणि वजन एप्रिलपेक्षा कितीतरी कमी. थोरलीला जड बायको आणि धाकटीला हलकी, ही तुलना झाली का? यतीन तर यावरच बोट ठेवणार.

"जेवत नाहीस का तू?"

"जेवते."

"मग हे काय?"

ती काट्यावरच उभी राहिली. काटा बघत होती की जमीन, कळलं नाही.

मी उपाय काढला. पाण्याचा कॅन भरला आणि तिच्या मांडीवर दिला. वजन बरोबर जुळलं. लहान मूल धरावं तसा तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, पूर्ण टेस्टभर. वळणावर मात्र नेहमीसारखी आत झुकून बसली. यतीन लांबून बघत होता. नंतर मला म्हणाला, "हेम्या, आज राहू दे ना." मी म्हटलं, हरायची भीती वाटते का? परतताना तो चहालाही थांबला नाही.

धाकटीचं ॲव्हरेज अविश्वसनीय आहे.

रविवार, ११ जुलै

अवनी चांगल्या मार्कांनी पास झाली. गेल्या महिन्यात आम्ही इथल्या रिवाजाप्रमाणे खिडकीबाहेर झेंडा आणि त्याला तिचं दप्तर टांगलं होतं. ऑगस्टअखेर ती शिकायला डेल्फ्टला जाईल, तिथे खोली मिळाली आहे. सुमेधाने विचारलं, "नक्की अठ्ठावीसला ना?" तीनदा विचारलं. आईचा जीव.

सुमेधाचं वजन आणखी उतरलंय, आता एका कॅनवरून दोन कॅनवर आलोय.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी आज सरप्राइज ठेवलं होतं. आइंडहोव्हनमध्ये एका दुकानात मोठी अक्षरं कापून घेतली, तांबडी, देवनागरी. दुकानदाराने उलटी लावू नका म्हणून मागे बाण काढून दिले. बोटीच्या मागच्या फळीवर, मोटरच्या बाजूला, चिकटवली. बास.

सुमेधा धक्क्यावर उभी राहून ते वाचत राहिली आणि मग हसायला लागली. हसली म्हणजे किती! पोट धरून, खाली बसून, ठसका लागेपर्यंत. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मलाही हसू फुटलं.

"त्या दिवशी तू ओरडलीस ना, त्याची आठवण म्हणून," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं. "तुला खरंच तसं वाटलं?"

"कसं?"

"काही नाही. इकडे ये, दोरी लावू दे."

शनिवार, २८ ऑगस्ट

अवनीला डेल्फ्टला सोडून आलो. घरी येताना गाडीत मी रेडिओ लावला.

निकाल आज एका पानावर आला. टोकाच्या वेगात थोरली पुढे, यात वाद नाही. पण मध्यम वेगात धाकटी जवळजवळ निम्म्या पेट्रोलात तेवढंच अंतर तोडते. म्हणजे यतीन अर्धा बरोबर, मी अर्धा बरोबर. सुमेधाला वाचून दाखवलं. म्हटलं, अण्णा असते तर धाकटीच घ्या म्हणाले असते. ती म्हणाली, "अण्णांचं नाव तू घेऊ नकोस." थकलेली होती.

उरली एकच टेस्ट, रिकाम्या बोटीचा कमाल वेग. थोरली पुन्हा चढवून घेतलीय, पुढच्या रविवारी करायची. त्यात पुढचं नाक उडालं तरी चालतं, वजन कमीत कमी हवं.

"पुढच्या रविवारी तू नसलीस तरी चालेल," मी म्हटलं. "आता तुझी गरज नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं.

सोमवार, ६ सप्टेंबर

सुमेधा काल साताऱ्याला गेली. गणपतीला. अण्णांच्या माघारी पहिलाच गणपती, प्रतीक एकटा पडेल, म्हणून मीही अडवलं नाही. मी रूरमोंडला होतो, ती टॅक्सीने विमानतळावर गेली. एक वर्षभर घरात कोंडल्यावर माणसाला थोडा बदल हवाच.

थोडं विचित्र वाटलं ते लिहून ठेवतो. गणपतीला जाताना डिग्रीची सर्टिफिकेटं कशाला लागतात? फाइल कपाटात नाही. तिच्या आईचा फोटोही नाही. दवाखान्यातून आज फोन आला, मला डच कळत नाही म्हणून बाई इंग्रजीत म्हणाल्या की फेअरवेलचं कार्ड घरी पाठवू का? काहीतरी गोंधळ झाला असणार.

पण मन मोठं आहे तिचं. तिचा फोन टेबलावर माझ्यासाठी ठेवून गेली, फ्लाइट मोडवर टाकून. खाली चिठ्ठी, "जीपीएससाठी." इतक्या घाईतही टेस्टची आठवण.

काल संध्याकाळी विमानतळावरून एका नव्या नंबरवरून तिचा मेसेज आला. एकच शब्द. "बास."

मी लगेच कमाल वेगाचा आकडा पाठवला आणि अंगठा.

शनिवार, २५ सप्टेंबर

विसर्जन होऊन आठवडा होत आला. सुमेधाचा नवा नंबर लागत नाही. प्रतीक उचलत नाही. शेवटी अवनीला फोन केला.

"आईशी बोलणं होतं का तुझं?"

"येस. एव्हरी डे."

"मग मला का उत्तर देत नाही? मी बोटीचा आकडा पाठवला तिला, तिनेच मेसेज केला होता..."

"बाबा. शी डिडन्ट मीन द बोट."

"मग काय मीन केलं?"

ती म्हणाली, "इट्स युअर लँग्वेज, बाबा." आणि फोन ठेवला.

आजपासून इथलं दीड मीटरचं बंधन उठलं. यतीनला म्हटलं, उद्या बोटीत पुढे तू बस. दोन मेचा तो आकडा पुन्हा कधीच आला नाही, तेवढं वजन ठेवून तो एकदा पुन्हा काढायचाय. तो म्हणाला, "नको रे. शलाकाला आवडणार नाही." शलाका त्याची बायको. मी विचारलं, तिचा काय संबंध? तो म्हणाला, "मलाच आवडणार नाही, हेमचंद्र." त्याने मला पूर्ण नावाने कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

रविवार, २६ सप्टेंबर

हार्डवेअरच्या दुकानातून वाळूच्या गोण्या आणल्या. काट्यावर ठेवून वजन जुळवलं, सुमेधाच्या बरोबर, म्हणजे एप्रिलमधल्या सुमेधाच्या. म्हटलं, बरं झालं, गोणीला वडील नसतात आणि तिचं वजन उतरत नाही. हे वाक्य यतीनला ऐकवायचं होतं, पण तो आला नव्हता.

गोण्या पुढच्या सीटवर ठेवून बेल्टने बांधल्या. दोरी माझी मीच अडकवली. पाणी बरं होतं. तिचा फोन पेटीत ठेवायला घेतला तेव्हा स्क्रीनवर बोट लागलं आणि अण्णांचा आवाज सुरू झाला. पाण्यावर आहेस का गं? मी तो थांबवला आणि झाकण लावलं.

सरळ रेषेत गोण्या उत्तम. नाक खाली, थोरली खुशीत, आकडा चढत होता. दोन मेच्या आकड्याला अगदी टेकलो होतो. मग पट्टा संपला आणि मी वळलो. मला आजवर वाटायचं की वळण मी घेतो. पण सुमेधा दर वळणाला आपणहून आत झुकायची, मला न विचारता, मांडीवर कॅन असतानासुद्धा. गोणी झुकत नाही. बेल्ट सुटला, गोण्या बाहेरच्या कडेला घसरल्या, बोट कलली आणि मी बाहेर फेकला गेलो.

पाणी फार गार होतं. वर आलो तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. दोरी निघाली होती आणि थोरली बंद पडली होती. लाइफजॅकेटने मला धरून ठेवलं होतं. बोट थोड्या अंतरावर, पाठ माझ्याकडे करून, शांत उभी होती. हात मारत गेलो आणि मागची फळी पकडली. चढायला बळ नव्हतं, म्हणून तसाच लोंबकळत राहिलो.

एक डच जोडपं त्यांची बोट वळवून माझ्याकडे यायला निघालं. बाई ओरडून काहीतरी विचारत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, मीच चिकटवलेली ती दोन तांबडी अक्षरं होती. हात वर करून, सीटवर उलटी फिरून, ती तीन वेळा ओरडली होती.

त्या अख्ख्या तळ्यात ते वाचता येणारा मी एकटाच होतो.